अंकुश : संग्रहातला आणि हातातला

साहित्यशास्त्राच्या तासाला कवींच्या निरंकुशत्वाचा मुद्दा निघाला की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : अंकुश कोणी पाहिला आहे का? वर्गात थोडी शांतता पसरते आणि मग कोणीतरी म्हणते, गणपतीच्या हातात. उत्तर बरोबर असते आणि बहुधा तेथेच संपते. महागाईवर अंकुश, नोकरशाहीवर अंकुश, निरंकुश सत्ता असे शब्दप्रयोग रोज वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या या मुलांना ती वस्तू किती जड असते, तिचे टोक कोठे टेकवतात, ती कोणाच्या हातात असते, यांपैकी काहीच ठाऊक नसते. खरे सांगायचे तर बरीच वर्षे आम्हालाही नव्हते. 'सत्तेची साठमारी' या वर्तमानपत्री शब्दप्रयोगाचेही तसेच आहे. बडोदे आणि कोल्हापूर या संस्थानांत हत्तींना डिवचून खेळवण्याचा जो खेळ होता त्यावरून तो आला, आणि कोल्हापुरातील त्या मैदानाला आजही साठमारी असेच म्हणतात, हे कोल्हापूरबाहेरच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावे लागते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, ही म्हण येथे भाषेलाच लागू पडते.

हा प्रश्न विचारता विचारता आम्हीच त्यात गुंतलो. आमच्यापैकी एकाने जुन्या बाजारातून एक अंकुश विकत आणला. विक्रेत्याने तो 'शिवकालीन' असल्याचे सांगितले; जुन्या बाजारात शिवकालीन नसलेली वस्तू आम्ही अद्याप पाहिलेली नाही. जेमतेम हातभर लांबी, पितळेची मूठ, मुठीवर मोर, पुढे लोखंडाचे सरळ टोक आणि त्याच्या बगलेतून फुटलेला वाकडा आकडा. लोखंडावरचा गंज सर्वत्र सारखा होता, आणि जुन्या वस्तूंवरचा गंज असा शिस्तीत कधी चढत नाही, हे पुढे एका जाणत्याने दाखवून दिले. वस्तू नवीच होती. तरी तिच्यामुळे एक गोष्ट घडली : अंकुश म्हणजे काय हे पाहण्यासाठी आम्ही ग्रंथ आणि संग्रहालयांच्या सूची उघडल्या, आणि जे सापडले त्याने आमच्या डोक्यातील 'संग्रह' या कल्पनेलाच धक्का दिला.

आधी वस्तूविषयी. अंकुशाची दोन टोके दोन कामांसाठी असतात. सरळ टोक दाबून हत्तीला पुढे काढायचे किंवा वळवायचे, आणि आकड्याने कातडी ओढून त्याला थांबवायचे वा मागे घ्यायचे. मात्र हत्ती चालतो तो मुख्यतः माहुताच्या पायांनी आणि आवाजाने. मानेवर बसलेल्या माहुताच्या पायांची बोटे हत्तीच्या कानांमागे असतात. त्या बोटांचा दाब हीच रोजची भाषा. अंकुश येतो तो त्या भाषेने भागले नाही तर. सांचीच्या तोरणांवरील इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील शिल्पांत हत्तीवर बसलेल्यांच्या हातात तो दिसतो आणि आजच्या माणसालाही तो लगेच ओळखू येतो. दोन हजार वर्षांत ज्या अवजाराचे मूळ रूप इतके कमी बदलले, अशी अवजारे फार नसतील.

आता संग्रहांकडे वळू. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जयपूरच्या मीनाकामाचा, हिरे जडवलेला, सोन्याचा अंकुश आहे. दक्षिणेतील सतराव्या शतकाचे मानले जाणारे पोलादी अंकुश युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत विखुरलेले आहेत. त्यांच्यावर याळी, मोर, पोपट, वेलबुट्टी असे ताशीव काम इतके दाट असते की धरायला मोकळी जागा कोठे, असा प्रश्न पडावा. काही अंकुशांच्या पोकळ दांड्यात फिरवून काढता येणारे पाते लपवलेले असते. शस्त्रसंग्राहकांना हा प्रकार विशेष प्रिय. आणि 'शस्त्रसंग्राहक' हाच येथे कळीचा शब्द आहे. लॉर्ड एगर्टन यांनी १८८० मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियममधील भारतीय शस्त्रांची सचित्र सूची प्रसिद्ध केली. जॉर्ज कॅमेरॉन स्टोन या अमेरिकन संग्राहकाने १९३४ मध्ये जगभरच्या शस्त्रांचा जाडजूड कोश काढला, आणि त्याचा स्वतःचा संग्रह मृत्युपत्रान्वये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे गेला. अंकुश या मंडळींच्या हाती पडला तो तलवार, कट्यार, जांबिया यांच्या रांगेत. वास्तविक अंकुश हे शस्त्र नव्हे. शेतकऱ्याचा पराणा जसा शस्त्र नव्हे तसाच. पण एकदा तो शस्त्रांच्या कपाटात गेल्यावर शस्त्राच्या कसोट्या त्याला लागल्या : पोलाद कोणते, तासकाम कसे, कोणत्या दरबाराचे, सोने किती. हे अवजार कधी हत्तीच्या कातडीला लागले होते काय, हा प्रश्न त्या कसोट्यांत बसत नाही.

या कपाटाची एक वाट थेट मराठी इतिहासातून जाते. तंजावर १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांच्या ताब्यात होते. त्याआधी तेथे नायकांचे राज्य होते, आणि नायकांच्या काळातील शस्त्रेही भोसल्यांच्याच कोठारात आली. ज्या दरबाराने १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरून ठेवले, ज्याच्या सरस्वती महालातील हस्तलिखिते आणि मोडी कागद पाहायला मराठीचे अभ्यासक आजही जातात, त्याच दरबाराचे हे शस्त्रागार. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, पुत्र नसल्याने कंपनीने राज्य खालसा केले, आणि पुढे १८६० च्या दशकात शस्त्रागाराचा निकाल लावण्यात आला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी वॉलहाउस याने १८७८ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त या शस्त्रागारावर लेख लिहिला आहे. त्यातील चित्र विसरता येत नाही : गंजलेल्या हत्यारांचे ढीगच्या ढीग, त्यांतून निवडलेले चांगले नग मद्रासच्या संग्रहालयासाठी बाजूला, आणि उरलेले मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विक्रीला. रॉबर्ट एल्गुड यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदू शस्त्रे आणि त्यांचे विधी यांवरील इंग्रजी ग्रंथात मद्रासला राहिलेल्या याच शस्त्रांचा सविस्तर अभ्यास आहे.

तंजावरचे ग्रंथ राहिले आणि लोखंड वितळले, एवढ्यावर हळहळून थांबणे सोपे आहे. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्या निवडीची रीत. ढिगासमोर उभा राहून कोणीतरी एक अंकुश इकडे आणि एक तिकडे टाकला असणार. कोणत्या हाताने इकडे टाकला? ज्याला तासकाम कळत होते त्या हाताने. साधा, वापरलेला, टोक झिजलेला, दांड्याला माहुताच्या घामाचा काळा डाग असलेला अंकुश या निवडीत टिकण्याचे कारणच नव्हते. आज तंजावरचा म्हणून जो अंकुश काचेआड दिसतो, तो हत्तीखान्यापेक्षा मिरवणुकीचा, किंबहुना राजाच्या हाताशी शोभेला ठेवण्याचा असण्याची शक्यता अधिक. आणि संग्राहक तो पाहून म्हणतात, पाहा, हत्ती असा हाकत असत!

मग हत्ती खरोखर कशाने हाकत असत? याचे उत्तर वस्तूंपेक्षा ग्रंथांत जास्त आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात (ज्याची चिकित्सक आवृत्ती मुंबईच्या र. पं. कंगले यांनी १९६० च्या दशकात पुरी केली) हत्तींवरील अध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात हत्तीखान्यातील माणसांची यादी येते : वैद्य, शिकवणारा, वर बसणारा, हाकणारा, अन्न शिजवणारा, वैरण देणारा, पायाची साखळी सांभाळणारा. मग सामानाची वर्गवारी : बांधण्याचे, अलंकाराचे, युद्धाचे आणि हाताळण्याचे. हाताळण्याच्या साधनांत अंकुशाच्या शेजारी बांबू आहे. तोच साधा बांबू. दोघांची नावे कौटिल्य एका श्वासात घेतो. जगातल्या कोणत्याही शस्त्रसंग्रहात मौर्यकालीन, नायककालीन किंवा भोसलेकालीन बांबू ठेवलेला नाही, आणि ठेवता आलाही नसता.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आइन-ए-अकबरी'त हत्तीच्या साजाची जी यादी दिली आहे, ती आमच्या मते या विषयावरचा सर्वांत मोठा संग्रह आहे. फक्त तो शब्दांचा आहे. साखळ्यांचेच किती प्रकार : मागच्या पायाची, पुढच्या पायांची, जाता जाता ओढत नेण्याची, नांगरासारखी जड. माहुताने पाय अडकवायचा गळ्याभोवतीचा दोर, म्हणजे कलावा, किती पदरी असावा हेही त्याला नोंदवावेसे वाटते. हत्ती बिथरला तर त्याच्यापुढे पेटवून भिरभिरवायची दारूने भरलेली बांबूची नळी, म्हणजे चरखी. डोळ्यांवर पाडायचा कापडी पडदा, अंधियारी. अकबराने तिचे नाव बदलून उजियाली ठेवले. (अंधाराला उजेड म्हणण्याची ही रीत पुढच्या राज्यकर्त्यांनीही सोडली नाही.) या यादीत अंकुशही आहे, आणि त्यालाही बादशहाने नवे नाव दिले : गजबाग. बाग म्हणजे लगाम. टोचणाऱ्या लोखंडाला घोड्याच्या लगामाचे सौम्य नाव देणाऱ्या या बादशहाला हत्तींचा विलक्षण लळा होता, हे इतिहास सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. याशिवाय दुटोकी भाला आहे, हत्तीला जोरात काढण्यासाठी हातभर लांबीचे दुसरे टोचण आहे. अंकुश या यादीत अनेकांपैकी एक आहे, तोही लहानसा. संग्रहालयांनी त्याला एकट्यालाच बाहेर काढून हत्तीविद्येचा प्रतिनिधी केले. दोर कुजले, कापड फाटले, बांबू चुलीत गेला, साखळ्या वितळवून दुसऱ्या कामाला लागल्या. मराठ्यांच्या अठरा कारखान्यांतही पीलखाना होता; त्याच्या सामानाचे असेच झाले असणार.

आमच्या अभ्यासक्रमांनीही थोडीफार हीच निवड केली आहे, हे कबूल करायला हवे. मराठीच्या आरंभीच्या नमुन्यांसाठी आपण सोमेश्वर चालुक्याच्या मानसोल्लासाचे (शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९) नाव घेतो, त्यातल्या मराठी ओळींवर प्रश्न काढतो, त्याच ग्रंथात हत्ती पकडणे, शिकवणे आणि त्यांच्या शर्यती यांवर किती मजकूर आहे याचा उल्लेख वर्गात होत नाही. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये पालकाप्याच्या नावावरील 'हस्त्यायुर्वेद' छापला. चार स्थानांचा तो प्रचंड ग्रंथ. त्यातले एक स्थान शल्याचे, म्हणजे जखमा आणि शस्त्रक्रियेचे. अंगराज रोमपाद प्रश्न विचारतो आणि पालकाप्य उत्तरे देतो, अशी त्याची रचना. या संवादामागची कथा अशी की, शेतांची नासधूस करणारे हत्ती रोमपादाने धरून चंपानगरीत बांधले, आणि त्या हत्तींच्या कळपात वाढलेला पालकाप्य त्यांना शोधत तेथे आला. राजाचे लोक पाहतात तो हा ऋषी कोणाशी न बोलता बांधलेल्या हत्तींच्या जखमांना औषध लावत बसलेला. आपल्याकडच्या हत्तीविद्येची स्वतःविषयीची कथा ही अशी आहे. विद्या सुरू होते ती धरण्यापासून नव्हे, धरल्यामुळे झालेल्या जखमेपासून. एवढा प्रामाणिक आरंभ सांगणारी शास्त्रे थोडीच. आम्हाला ही कथा हिरेजडित अंकुशापेक्षा मोलाची वाटते.

साहित्यात अंकुशावरची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट रुडयार्ड किपलिंगची आहे, आणि ती संग्राहकांविषयीच आहे हे आम्हाला उशिरा उमगले. किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला. वडील लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवत. 'सेकंड जंगल बुक'मधील (१८९५) या कथेत मोगली जमिनीखालच्या राजखजिन्यात शिरतो. सोन्याशी त्याला काही देणेघेणे नाही. त्याला आवडतो तो एक अंकुश. माथ्यावर माणिक, खाली पिरोजे, मग पाचूंची पाने, दांडा हस्तिदंताचा, आणि पोलादी टोकावर सोन्याने काढलेली हत्ती पकडण्याची चित्रे. हे वर्णन कोणत्याही लिलावाच्या सूचीत खपेल. मोगलीला वस्तू सुंदर वाटते, कारण ती कशासाठी आहे हे त्याला माहीत नाही. बघीरा माणसांच्या पिंजऱ्यात वाढलेला. तो सांगतो की हे हत्तीच्या डोक्यात खुपसण्यासाठी असते, याने हाथीच्या जातभाईंचे रक्त चाखले आहे. त्याक्षणी मोगलीच्या मनातून ती वस्तू उतरते आणि तो ती फेकून देतो. पुढे ज्यांच्या हाती ती लागते ती सहा माणसे एका रात्रीत मरतात. साम्राज्यवादी लेखक म्हणून किपलिंगवर जी टीका होते तिच्याशी आमचा वाद नाही. पण शोभा आणि उपयोग यांच्यामधली ती एका वाक्याची दरी त्याने जशी दाखवली, तशी ती काचेआडच्या चिठ्ठीवर कधी लिहिलेली नसते. तेथे 'पोलाद, सोने, सतरावे शतक' एवढे असते. रक्त हा शब्द नसतो.

हस्तिदंती दांड्याच्या अंकुशात तर ही दरी वस्तूच्या आतच आहे : हत्तीला टोचायचे टोक, आणि धरायची मूठ हत्तीच्याच दाताची. कायद्याने आता या वस्तूंचा बाजार आवळला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार थांबला, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. या कायद्यांनी हत्तीचा आणि वस्तूंचा बचाव किती झाला हा वेगळा विषय. नकली गंजाचा धंदा मात्र तेजीत आला असावा, असे आमच्या खरेदीवरून आम्हाला वाटते.

संग्रह करूच नये असे आमचे म्हणणे नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे, भांडी अशा घरगुती वस्तू जन्मभर जमवल्या. राजा केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांपुढे उभे राहिले की सुपारी कातरणारा हात दिसतो. त्यातलेही पुष्कळ नग नक्षीदार आहेत हे खरे, पण ते हाताळले गेले आहेत. हत्तीच्या सामानाला असा अज्ञातवासी भेटला नाही. भेटला असता तर त्याने माहुतांच्या वस्तीत जाऊन तुटका कलावा मागून आणला असता, आणि लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

आमच्या नकली अंकुशाची हकीकत येथे पुरी करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयावरून एक माहूत हत्तीण घेऊन अधूनमधून जात असे. एका दुपारी ती वडाखाली थांबलेली पाहून आम्ही विभागातून तो अंकुश नेऊन त्याला दाखवला. त्याने तो हातात घेतला, उलटसुलट केला, मोरावरून अंगठा फिरवला आणि हसला. "ये तो शादी का है, साहब." का, असे विचारले तर त्याची कारणे सरळ होती. एक तर वजन. एवढे धूड दिवसभर कोण वागवणार? दुसरे, पितळ उन्हात तापते, तळहात भाजतो. तिसरे, नक्षी बोटांना काचते. जुने की नवे, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही.

मग त्याने स्वतःचा दाखवला. हातभर बांबू, टोकाला लोहाराने ठोकून दिलेला बोटभर आकडा, आणि तो सैल होऊ नये म्हणून वर सुतळीचे वेढे. बांबू धरायच्या जागी काळा आणि गुळगुळीत झाला होता. किती वर्षांचा, असे विचारल्यावर तो म्हणाला की आकडा त्याच्या वडिलांच्या वेळचा. बांबू फाटतो, मग दुसरा तोडायचा. हा कितवा, ते त्याला सांगता आले नाही. हत्तिणीने तेवढ्यात सोंड पुढे करून आमच्या अंकुशाचा वास घेतला आणि सोंड मागे घेतली. आम्ही तो पिशवीत ठेवला. माहुताने चहाला पैसे मागितले, ते दिले. त्याने कलाव्यात पाय अडकवला, कानामागे बोटे दाबली, आणि बांबू कमरेला खोचलेलाच ठेवून तो पुढच्या चौकाकडे निघून गेला.